अळणी पंगत

“राज्याचं हित म्हणजे नेमकं काय, बाबा? आणि ते साधायचं कसं?”

मोरेश्वरपंतांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी मठाच्या केळीच्या आळ्यात, चिखलात पाय रोवून उभा होतो. पाणी धरायचं काम चाललं होतं. केळीची पानं मोठी असतात, माणूस दिसत नाही. म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं...

पण पुढे जाण्याआधी वाचणाऱ्यांची माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. पंतोजींच्या शाळेत मी फार टिकलो नाही. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे शिकायच्या आतच बाहेर पडलो. शब्दही माझे साधेच आहेत, बागेत आणि बाजारात चालतात तेवढे. कुणीतरी शिकलेल्याने हे लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी माझं लग्न या गोष्टीवर अडलं होतं, आणि ज्याचं अडतं त्याला सगळं नीट आठवतं. म्हणून मीच लिहितो.

आमचा मठ घाटमाथ्यावर आहे. वरच्या अंगाला चिंचोडचं राज्य, खालच्या अंगाला समुद्राकाठचं वेळाण्याचं राज्य. मठ दोघांचाही नाही, आणि दोघांनाही तो आपलाच वाटतो. मठात कोंडगीरबाबा राहतात. गोसावी आहेत, खूप म्हातारे आहेत, आणि बोलतात कमी.

वेळाण्याहून वर मीठ यायचं. चिंचोडहून खाली गूळ जायचा. माझ्या पणज्याच्याही आधीपासून हे चाललं होतं.

मग आमच्या, म्हणजे चिंचोडच्या, दरबारात कुणालातरी वाटलं की वेळाणेकरांना गुळाची गरज जास्त आहे, तेव्हा जकात वाढवावी. जकात वाढली. वेळाण्याने मीठ रोखलं. आम्ही गूळ पुरताच बंद केला. मग त्यांनी सोयरिकीही बंद केल्या. मठात पाया पडायला येणाऱ्या माणसाला दोन्हीकडच्या चौक्या सोडत. पण त्याच्या पोटलीत मिठाचा किंवा गुळाचा खडा सापडला तर काढून घेत, आणि वऱ्हाड दिसलं की आल्या वाटेने परत पाठवत.

माझं लग्न वेळाण्याच्या शेवंतीशी ठरलं होतं.

मी तिला एकदाच पाहिलं होतं, मठाच्या उत्सवात. तिने माझ्याकडे केळफूल मागितलं. मी दिलं. तिने दुसरं मागितलं. मी तेही दिलं. नंतर तिने आईला विचारलं म्हणे की मुलगा मुका आहे का. माझी गिरजाआत्या तिथेच होती. ती म्हणाली, मुका नाही, बोलत नाही एवढंच, आणि तुझ्या मुलीच्या दृष्टीने ते चांगलंच आहे.

तर अशी ती सोयरीक. घाट बंद झाला आणि ती लोंबकळत राहिली. माझे वडील मोरेश्वरपंतांना भेटायला गेले होते. पंतांनी त्यांना आदराने बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की राज्याच्या हितासाठी चार लग्नं थांबली तर काही बिघडत नाही.

वडील घरी येऊन म्हणाले, पंत बोलतात फार छान.

हे मोरेश्वरपंत म्हणजे आमच्या राजाचे वकील. राजाच्या वतीने दुसऱ्या राजाशी बोलणी करायची, हे त्यांचं काम. लहानपणी ते याच मठात वाढले. बाबांनीच त्यांना मुळाक्षरं गिरवायला लावली. पुढे ते दरबारात गेले, अनेक भाषा शिकले, आणि आता पालखीतून फिरत. दुसऱ्या दिवशी मठाचा भंडारा होता. वेळाण्याचे वकील धाकजी नाखवा जेवायला यायचे होते, आणि जेवणानंतर दोघांनी बसून तोड काढायची होती. म्हणून पंत आदल्या दिवशीच आले होते.

बाबा पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होते. एक खडा सापडला, तो त्यांनी अंगणात टाकला.

“मोरू, तुझ्या राज्यात मीठ आहे का?”

“भरपूर आहे.”

बाबांनी मान वर केली.

“हे मला सांगतोयस?”

“नाही, बाबा... उद्या नाखव्याला सांगायचं आहे. बोलून बघितलं.”

बाबा हसले. मग पंत मोकळे झाले आणि त्यांनी आपली सगळी नीती बाबांना समजावून सांगितली. ती मला पूर्ण कळली असं नाही, पण जेवढं कळलं ते असं. ज्याची गरज उघडी पडली तो हरला. म्हणून बाहेरच्यासमोर आपला हात नेहमी भरलेला दिसला पाहिजे. आणि तो तसा दिसायचा असेल तर घरच्यांची तोंडं बंद राहिली पाहिजेत. यासाठीच त्यांनी गावोगाव दवंडी पिटवली होती की राज्यात मीठ नाही असं जो परक्यासमोर बोलेल त्याला हद्दपार करू.

“बाहेर भरलेला हात, आत बंद तोंड,” पंत म्हणाले. “परराज्याशी वागायचं धोरण एवढंच, आणि आपल्या राज्यातलंही एवढंच. बाकी सगळा तपशील.”

“छान बसवलंयस,” बाबा म्हणाले.

पंतांना बरं वाटलं.

“मग उद्या पंगतीत मीठ तू वाढ.”

पंत थोडे घुटमळले. राजाच्या वकिलाने वाढपी व्हायचं... पण मठात वाढायला कोणी नाही म्हणत नाही. आमच्या राजाच्या आजोबांनीही इथे पाणी वाढलं होतं असं सांगतात. पंतांनी मान हलवली, आणि पुन्हा आपला प्रश्न विचारला.

बाबा तांदूळ निवडत राहिले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोन्हीकडून माणसं आली. खालून वेळाणेकर घाट चढून आले, घामाघूम. वरून आम्ही गेलो. मठात एकाच अंगणात दोन ओळी बसतात, समोरासमोर. बायका आणि पुरुष वेगळे बसत नाहीत, ही बाबांची जुनी रीत. त्या दिवशी कुणी न सांगता वेळाण्याची माणसं एका ओळीत बसली आणि चिंचोडची दुसऱ्या.

शेवंती माझ्या समोर नव्हती, जरा तिरकी होती. तिच्या एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला वडील. मी पत्रावळीकडे बघत बसलो. आत्या माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, वर बघ रे सोन्या, पत्रावळीशी लग्न नाही लावायचं.

बाबांनी मुदपाकखान्यात आधीच सांगून ठेवलं होतं की आज कशातही मीठ घालायचं नाही. आमटी, भाजी, भात, सगळं अळणी. घालणार तरी काय? मठातही मीठ संपत आलं होतं. तळाशी उरलेलं एका वाडग्यात काढून त्यांनी ते पंतांच्या हातात दिलं.

“एकेक चिमूट घाल. सगळ्यांना पुरेल.”

आमच्याकडे पत्रावळीवर पहिल्यांदा मीठ पडतं, डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात. मग बाकीचं. आणि शेवटच्या पानापर्यंत सगळं वाढून झाल्याशिवाय पहिलं पान घास उचलत नाही.

पंत रेशमी सोवळं नेसून आले होते. दिसत होते मोठे रुबाबदार. त्यांनी वेळाण्याच्या ओळीपासून सुरुवात केली. पाहुणे आधी, हे बरोबरच होतं. पण त्या ओळीत पहिल्याच पानावर धाकजी नाखवा बसले होते.

नाखवा म्हणजे जहाजावरचा जुना माणूस. उन्हाने काळा पडलेला, पोट सुटलेलं, कानात बाळी, आणि बसल्या जागी सगळीकडे नजर. पंतांनी चिमूट उचलली... आणि नाखव्यांकडे बघितलं... आणि चिमूट परत वाडग्यात टाकून मूठ भरली.

नाखव्यांच्या पानावर ढीग पडला.

“बेताने, पंत,” नाखवा म्हणाले. “आम्ही समुद्राकडचे. आम्हाला मिठाचं काय कौतुक?”

“असू द्या, नाखवा. आमच्याकडे कोठारं भरलीत.”

नाखवा ढिगाकडे बघत राहिले.

एकाला मूठ वाढली की शेजारच्याला चिमूट कशी वाढणार? पंत पुढे सरकत गेले, मूठ मूठ घालत. वेळाणेकरांच्या पानांवर पांढरे डोंगर उभे राहिले. ज्यांच्या घरामागे मिठागरं आहेत त्यांना आमचं शेवटचं मीठ. मला वाटलं, बाबा आता थांबवतील. बाबा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी काही थांबवलं नाही.

मग पंत आमच्या ओळीकडे वळले.

पहिल्या काही पानांवर चिमूट पडली. मग अर्धी चिमूट. मग चार-दोन दाणे. पंतांचा वेग वाढला. माझ्यापर्यंत यायच्या बऱ्याच आधी वाडगा रिकामा झाला होता, पण पंत थांबले नाहीत. वाडग्यात बोटं घालायची, बाहेर काढायची, पानाच्या कोपऱ्यात बोटं चोळायची, पुढे. अगदी वाढल्यासारखं. समोरच्या ओळीतून बघणाऱ्याला कळूही नये.

ते गिरजाआत्यापाशी आले. त्यांनी रिकामी बोटं तिच्या पानावर चोळली आणि तिच्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी त्यांचे डोळे पाठ न आलेल्या मुलासारखे झाले होते.

आत्याने पानाकडे बघितलं. कोपरा हिरवागार होता, काहीच नव्हतं. मग तिने समोर वेळाण्याच्या ओळीकडे बघितलं. आणि दोन्ही हात पानावर आडवे धरले.

“बास, बास, पंत. केवढं वाढता? कालच्या जेवणाची तहान अजून गेली नाही.”

तिच्या पलीकडच्याने लगेच तेच धरलं. अर्धं काढून घ्या, तो म्हणाला. त्याच्या पलीकडच्या बाईने सांगितलं की तिला वैद्याने मीठ कमी करायला लावलंय. आणि ओळीच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्याने तर न पडलेलं मीठ बोटाने कोपऱ्यातून अलगद बाजूला सारलं, पुरणाला जागा करतात तसं.

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

मग बाकीचं वाढून झालं. भात, आमटी, भाजी, आणि शेवटी गुळातली गव्हाची लापशी. गूळ आमच्याकडे ढिगाने होता, त्यामुळे लापशी चांगली तांबूस झाली होती. वाढपी वेळाण्याच्या ओळीत लापशी घेऊन गेले तर तिथेही हात आडवे. नको, नको. घरी रोज गोडच असतं. मुलांना कंटाळा आलाय गोडाचा. नाखव्यांनी आणि शेवंतीच्या वडिलांनी थोडी घेतली आणि पानाच्या कडेला सारून ठेवली. पण शेवंतीच्या वडिलांची नजर लापशीवरून हलत नव्हती.

श्लोक झाला. जेवण सुरू झालं.

आमच्या ओळीत आत्या प्रत्येक घासाला वा म्हणत होती. काय आमटी झालीय. काय चव आहे. बाकीचेही माना डोलावत होते. अळणी आमटी घशाखाली कशी उतरते हे ज्याने महिनोन्महिने खाल्ली आहे त्यालाच ठाऊक. पण राज्याची अब्रू होती, आणि दवंडीही होती. पंत दोन्ही ओळींच्या मधून रिकामा वाडगा घेऊन फिरत होते. त्यांचा चेहरा हळूहळू खुलत होता. नीती चालली होती.

बाबा खांबापासून निघाले. सावकाश, एकेका पानाकडे बघत आले. आणि माझ्यासमोर थांबले.

“सोनबा, आमटी कशी झालीय?”

एवढ्या पंगतीत मलाच का विचारलं, ते मला अजून कळलेलं नाही.

दोन्ही ओळी थांबल्या. पंत थांबले. आत्याने पदराआडून माझ्या मांडीला चिमटा काढला. मी वर बघितलं, आणि नेमकी शेवंती दिसली. ती माझ्याकडेच बघत होती, हा आता बोलतो का बघू, अशी. छान म्हणायला काहीच लागत नव्हतं. छान म्हटलं असतं तर पंत जिंकले असते. आणि अळणी म्हटलं तर राज्याबाहेर काढणार, मग कसलं लग्न आणि कसलं काय... हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा डोक्यात काही नव्हतं. तोंडात आमटी होती.

“अळणी,” मी म्हणालो.

कुणाच्याही पानावर हात हलला नाही.

पंतांचा चेहरा चुन्यासारखा झाला. आत्याने डोळे मिटून घेतले होते.

धाकजी नाखव्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पंतांकडे. मग आमच्या ओळीतल्या एकेका रिकाम्या कोपऱ्यावरून त्यांची नजर फिरली, टोकापर्यंत. त्यांनी कडेला सारलेली आपली लापशी पुढे ओढली, एका दमात संपवली, बोटं चाटली, आणि पान वाढप्यापुढे केलं.

“आणखी वाढ,” ते म्हणाले. “घरी गुळाचा खडा बघून दिवस झाले. आमच्या राजानेही दवंडी पिटलीय, पंत. तुमच्यासारखीच.”

आधी शेवंतीच्या वडिलांनी लापशीत हात घातला. मग कुणीतरी फिसकन हसलं, बहुतेक तो म्हातारा. आणि मग सगळी पंगत हसायला लागली. ज्या बाईने वैद्याचं नाव सांगितलं होतं तिला ठसका लागला. वेळाण्याची पोरं लापशीचं भांडंच धरून बसली.

पंत हसत नव्हते. ते दोन्ही ओळींच्या मधोमध, सोवळ्यासकट जमिनीवर बसले.

“सगळं घालवलंत, बाबा.”

“काय घालवलं?” बाबा म्हणाले. “दाखव.”

पंतांनी वाडग्यात बघितलं. वाडगा रिकामा होता, मघापासूनच रिकामा होता. आणि मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते. लहान मुलगा हसतो तसे, थांबता येईना.

नाखव्यांनी आपल्या पानावरच्या ढिगातून मूठ भरली, उठले, आणि माझ्यापाशी आले. म्हणाले, राज्याबाहेर काढलं तर खाली ये, आमच्याकडे घरजावई हो. मी हात पुढे केला. तेवढ्यात शेवंतीची आई ओरडली, अहो, हातावर नका देऊ.

नाखव्यांची मूठ हवेत थांबली. मीठ कुणाच्या हातावर द्यायचं नसतं. दोघांत भांडण होतं. दोन्ही राज्यांत एवढं एक सगळे सारखंच मानतात. शेवंतीच्या आईकडे बघून आमची सगळी ओळ माना हलवत होती, बाई बरोबर बोलली.

नाखव्यांनी बाबांकडे बघितलं.

“भांडण तर आधीच झालंय,” बाबा म्हणाले. “आता आणखी काय व्हायचंय? द्या.”

माझ्या तळहातावर मीठ पडलं.

मग कुणीच बसून राहिलं नाही. वेळाणेकर मुठी भरभरून आमच्या ओळीत आले. आमचे लोक लापशीची भांडी घेऊन त्यांच्या ओळीत गेले. ओळी राहिल्याच नाहीत. गिरजाआत्याने शेवंतीच्या आईसमोर दोन्ही तळवे एकत्र धरले आणि त्यात ओंजळभर मीठ घेतलं.

“विहीणबाई,” आत्या म्हणाली, “आता आपलं भांडण पक्कं.”

“ते तर सोयरीक ठरली तेव्हाच पक्कं झालं,” शेवंतीची आई म्हणाली.

*

दुपारी दोघे वकील केळीच्या बागेत बसले. मी पुन्हा आळ्यात होतो. मुद्दाम गेलो नव्हतो, पाणी धरायचं राहिलं होतं.

मला वाटलं होतं की आता पंत नाखव्यांना हवं ते देऊन टाकतील. तसं मुळीच झालं नाही. पंतांनी जकातीवरून नाखव्यांना घाम फोडला. आमचा गूळ कुठल्या बंदरात उतरणार, ओल्या मिठाचं वजन कोणी धरायचं, बैल घाटात मेला तर कोणाचा, सगळं त्यांनी एकेक करून सोडवून घेतलं. नाखवा एकदा वैतागून म्हणाले, एवढं अळणी जेवून माणूस इतका तिखट कसा? पण नाखवाही काही कमी नव्हते. पंतांनी एक गाठ सोडली की ते दुसरी मारत. दोघे अगदी रंगात आले होते.

जकात पूर्वीसारखी झाली. मीठ वर, गूळ खाली. आणि एक नवीन गोष्ट ठरली. कुणाच्या राज्यात काही कमी पडायला लागलं की त्याने अडवाअडवी करण्याआधी मठात निरोप ठेवायचा.

नाखवा उठले, धोतर झटकलं.

“एक राहिलं,” पंत म्हणाले. “वऱ्हाडं.”

“ती सुटली की मघाशीच.”

“मघाशी जेवताना सुटली. आता ठरवून सोडू.”

नाखवा परत बसले. मी आळ्यातच खाली बसलो. अंगभर चिखल झाला, पण ते मला घरी गेल्यावर कळलं.

संध्याकाळी नाखवा घाट उतरून गेले. पंत बाबांपाशी पायरीवर बसले. बाबांसमोर तेच सूप होतं.

पंत म्हणाले, आज निभावलं, कारण नाखवा भला माणूस निघाला. पण प्रत्येक सरहद्दीवर नाखवा नसतो.

“त्याच्या जागी लांडगा असता तर, बाबा?”

“लांडग्याला वास आधीच आला असता.”

पंत म्हणाले, म्हणजे राज्याने काहीच लपवायचं नाही? असं राज्य चालत नाही. मला वाटतं ते बरोबर बोलत होते. बाबांनीही मान हलवली.

“लपव की. पण वेळाण्याला ठाऊक होतं. त्यांचंही तुला ठाऊक होतं. मग ती दवंडी कोणासाठी होती, मोरू?”

पंतांनी बाबांच्या हातातून सूप घेतलं, मांडीवर ठेवलं आणि ते तांदूळ निवडायला लागले.

अंगणात भोई पालखी घेऊन उभे होते. पंतांनी त्यांना हाताने बसा म्हणून सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, नवा फेटा बांधला आणि तिथी पक्की करायला वेळाण्याला निघालो. आत्या बरोबर होती. तिने डोक्यावर गुळाची ढेप घेतली होती, उघडी, वर फडकंसुद्धा टाकलं नव्हतं. वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती की बघून घ्या, चोरून नेत नाहीये.

मठापाशी आलो. बाबा वाटेच्या कडेला उभे होते. आत्या पाया पडून पुढे झाली. मी पाया पडलो, पण मला पुढे जाववेना. एक गोष्ट मनात टोचत होती. लोक मला म्हणत होते की सोनबाने राज्याचं भलं केलं. आमच्या आळीत तर एकाने मला रामराम घातला, जो कधी घालत नाही. मला त्याची लाज वाटत होती. मी आयुष्यात कुणाला कधी काही विचारलेलं नाही, पण त्या दिवशी घाटाच्या वाटेत मधोमध उभा राहिलो आणि विचारलं.

“बाबा, काल मी बोललो... ते राज्याच्या हितासाठी बोललो, की माझ्या लग्नासाठी?”

बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते घाटाच्या वळणाकडे बघत होते. खालून घुंगरांचा आवाज येत होता. वरूनही येत होता. वाट तिथे अरुंद आहे.

त्यांनी माझं कोपर धरलं.

“बाजूला हो, सोनबा. बैल येतायत.”